अक्काने भेट दिलेली बागसहल

हडपसर, पुणे

ती. अक्कास,

श्रीधरचा उभ्याउभ्याच नमस्कार. (वाकून करायचा होता, पण कंबर धरली आहे. का धरली ते पुढे येईलच, आणि त्यात तुझा वाटा किती तेही येईल.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींची साखर ताब्यात आहे की अजून ते गोठ्यात जाऊन चोरून पेढे खातात? शिरवळला यंदा थंडी कडक होती असं तुझी भावजय तनुजा म्हणाली. इथेही आली होती म्हणतात. पण ट्रॅफिकमधून आमच्या सोसायटीपर्यंत पोचेपर्यंत तिची दुपार व्हायची, त्यामुळे आमची गाठ पडली नाही.

माझ्या साठीनिमित्त तू पाठवलेली भेट मिळाली, वापरली, आणि ती परत करता येत नाही हेही चौकशी करून कळलं. धाकट्या भावाच्या साठीला लोक शाल देतात, फार तर थर्मास देतात. आमच्या अक्काने मोबाइलवर बघून ‘पुण्यातील सार्वजनिक व खासगी उद्यानांची मार्गदर्शकासह सहल, दोन व्यक्ती’ अशी भेट दिली. कारण काय, तर म्हणे टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून मी गॅलरीत बसून रस्त्यावरच्या माणसांना नावं ठेवतो, तेव्हा मी माणसांत मिसळावं. मिसळलो. आता गॅलरीतून दिसतात ती माणसं बरी, असं माझं मत झालं आहे.

गाडीतळावरून सकाळी बस निघाली. पूर्वी पुण्यात ओळख झाली की कुठल्या पेठेतले, असं विचारायची पद्धत होती. या मंडळींत ‘तुमच्याकडे कुंड्या किती?’ असं विचारतात. मी ‘एकही नाही’ म्हटल्यावर समोरच्या गृहस्थांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. घरात कोणी गेलं की घेतात तसा. सगळ्यांच्या डोक्यावर ताटाएवढ्या टोप्या, अंगात ‘मातीशी नातं’ असं छापलेले पांढरेशुभ्र बनियन. (मातीचा एक डाग असेल तर शपथ.) आमच्या पुढच्या बाकावर कांताबाई म्हणून एक बाई होत्या. त्यांच्या पर्समध्ये कात्री, ओलं फडकं आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्या एवढंच होतं. बागेच्या मालकाने तोंड फिरवलं रे फिरवलं की कांताबाई एक फांदी छाटून पिशवीत टाकणार. बसमधल्या सर्वांना हे माहीत होतं आणि सर्वांना त्यांच्याबद्दल आदर होता.

मार्गदर्शक म्हणजे पूर्वा नावाची एक चुणचुणीत मुलगी. तिच्या हातात माइक. बस हलताच तिने ‘फ्रेंड्स, आज आपण ग्रीनशी कनेक्ट होणार आहोत’ असं जाहीर केलं. आधी रेंज आहे का बघा, असं मी मागून म्हणालो. टेलिफोन खात्यातल्या माणसाने एवढं विचारणं गैर नाही. कोणी हसलं नाही. तनुजाने मात्र चिमटा काढला.

पहिली बाग सार्वजनिक. कुठली ते लिहीत नाही. दाराशीच पाटी: फुले तोडू नयेत, हिरवळीवर बसू नये, खाऊ नये, खेळू नये, मोठ्याने बोलू नये. थोडक्यात, येऊ नये. तिथे पूर्वाने आम्हाला वडाचं लॅटिन नाव सांगितलं आणि सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं, जणू उद्या वडाला पत्र घालायचं आहे. मग प्रत्येकाने एकेक झाड निवडून, डोळे मिटून, त्याला मिठी मारायची असं ठरलं. चांगली शिकलीसवरलेली माणसं झाडांना लटकलेली पाहून फिरायला आलेले दोन म्हातारे थबकले आणि कुठल्या दवाखान्यातून आणलंय, असं त्यांनी मला विचारलं. मी मिठी मारत नव्हतो ना! अखेर तनुजाच्या धाकाने मीही मारली. माझ्या झाडाला मुंगळे होते. निसर्गाशी नातं जुळायला बागेत जावं लागतं, ते तोडायला मात्र शर्ट झटकला की पुरे.

तिथून धायरी. इथे जयसिंगराव नावाच्या गृहस्थांची खासगी बाग बघायची होती. मूळचे तिथले शेतकरी. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या एकीच्या गच्चीवर यांची बाग. बाग म्हणजे काय सांगू! प्लास्टिकची हिरवळ, दुबईहून आणल्यासारखी दिसणारी खजुराची दोन झाडं, त्यांना दिव्यांच्या माळा, आणि मधोमध फायबरचं एक हरीण. मंडळींनी हरणाबरोबर फोटो काढून घेतले. जयसिंगरावांनी हुरडा दिला. (तो मार्केट यार्डातून आणला होता, पण चवीला उत्तम होता हे मान्य.) हुरडा खाताखाता मी जरा मोठ्याने म्हणालो, ‘एवढ्या सहलीत निरोगी असा जीव हा एकच दिसला, आणि तोही फायबरचा.’

अक्का, जयसिंगराव माझ्या मागेच उभे होते, हातात चटणीची वाटी घेऊन. ते रागावले असते तर मला परवडलं असतं. ते हसले आणि म्हणाले, ‘पाहुणं, खरं हाय तुमचं. खाली आमचा ऊस व्हता. आता पानी टँकरचं, ते झाडास्नी कुठनं घालायचं? नातवंडं हरणावर बसत्यात, म्हून ठेवलंय.’ आणि मला चटणी वाढून पुढे गेले. चटणी फार चांगली होती. पण पुन्हा मागायचा धीर झाला नाही.

जिना उतरताना तनुजा एकदाच म्हणाली, ‘तुम्हाला कोणाचं काही बरं वाटलेलं बघवतच नाही का हो?’ आणि बसमध्ये माझ्याशेजारची जागा सोडून कांताबाईंच्या शेजारी जाऊन बसली. तुला तर माहीत आहे, तनुजा भांडली तर संध्याकाळपर्यंत मिटतं. गप्प बसली तर तांदूळ कुठे ठेवलेत तेही शेजाऱ्यांना विचारायची पाळी येते. धायरीपासून वाघोलीपर्यंत सबंध पुणं आडवं कापून बस गेली. तेवढ्या वेळात त्या दोघी जास्वंदीवरच्या पांढऱ्या किडीबद्दल बोलत राहिल्या. नवऱ्यावरच्या रागात बायकोने किडीत एवढं रमावं, हे मला लागलं.

वाघोलीला कासिमभाईंची बाग. रविवार पेठेत यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं बिजागऱ्या-कड्याकोयंड्यांचं दुकान. दुकान मुलांच्या हाती देऊन ते इथे राहायला आले आणि घरामागे गुलाब लावले. बाग बघितली आणि, तुझ्यापाशी म्हणून लिहितो, तोंडाशी आलेलं वाक्य मी गिळलं. काय गुलाब होते, अक्का! पण तनुजाची पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे मला निम्मेच दिसले. कासिमभाईंच्या पत्नी मेहनाजभाभी सर्वांना चहा देत होत्या. पूर्वा पुढे माइकवर काही महत्त्वाचं सांगत होती. मी अर्थातच ऐकत नव्हतो. माझ्या डोक्यात एकच विचार, हिच्याशी आता बोलायचं कसं. तेवढ्यात कोपऱ्यात एका कुंडीवर काळी छत्री बांधलेली दिसली आणि छत्रीखाली एकच गुलाब. केशरी, कडांना गुलाबी, दुधाच्या पेल्याएवढा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी तनुजाला आजवर फूल दिलं नव्हतं. (गजरा दिलाय. पण तो दारावर येतो.) म्हटलं, आज देऊन टाकू. छत्री बाजूला केली, तोडला, सरळ तिच्यापुढे गेलो आणि सगळ्यांच्या देखत हात पुढे केला.

पूर्वाचा माइक तसाच तोंडाशी राहिला. नंतर कळलं, तिचं चाललेलं वाक्य हेच होतं, की त्या छत्रीखालचा गुलाब कासिमभाईंनी महिनाभर बाजूच्या सगळ्या कळ्या खुडून प्रदर्शनासाठी जपला आहे आणि त्याच्या जवळसुद्धा कोणी जाऊ नये. सबंध बागेत चिडीचूप. त्या शांततेत कांताबाई तेवढ्या म्हणाल्या, ‘अहो, ती काडी टाकू नका, मला कलमाला हवीये.’

कासिमभाई एका उपड्या कुंडीवर बसले. नुसते रिकाम्या देठाकडे बघत राहिले. मी माफी मागितली, मोठ्याने मागितली. तेव्हा कुठे ते मान वर करून एवढंच म्हणाले, ‘कोणासाठी तोडलात, साहेब?’ मी म्हणालो, ‘बायकोसाठी. रुसली आहे.’

आणि इथे मेहनाजभाभींनी चहाचा ट्रे खाली ठेवला. ‘ऐकलंत?’ त्या कासिमभाईंना म्हणाल्या. ‘हे परके. दोन मिनिटं नाही झाली बागेत येऊन. त्यांना बायको आठवली. माझं सगळं आयुष्य या गुलाबांना पाणी घालण्यात गेलं. तुम्ही कधी एक तोडून दिलात मला? मागितला की म्हणे प्रदर्शनाचा आहे. माझ्या वाट्याला नेहमी पाकळ्या झडलेले!’ झालं. ज्या बायका क्षणापूर्वी मला पोलिसांत द्यायला निघाल्या होत्या, त्या एका सुरात कासिमभाईंवर उलटल्या. पूर्वाने ‘गाइज, लेट्स मूव्ह ऑन’ म्हणून बघितलं, पण गाइज हलले नाहीत. एकीने तर आपल्या नवऱ्याला तिथल्या तिथे दोन जुने प्रसंग ऐकवले. मी सुटलो याचा आनंद मानावा, तर कासिमभाईंचा चेहरा बघवेना.

तनुजा इतका वेळ तो गुलाब हातात धरून उभी होती. ती माझ्याकडे बघून किंचित हसली, आणि मग मेहनाजभाभींकडे जाऊन म्हणाली, ‘घ्या. पाणी तुम्ही घातलंय.’ भाभींनी तो घेतला, पदर सावरला आणि आत गेल्या. पुन्हा बाहेर आल्या तेव्हा तो त्यांच्या केसांत होता. कासिमभाई बघतच राहिले. मग माझ्याजवळ सरकून हळू आवाजात म्हणाले, ‘साहेब, प्रदर्शन गेलं ते एक वेळ ठीक आहे. पण आता मला रोज एक तोडावा लागणार, त्याचं काय?’

बसमध्ये तनुजा पुन्हा माझ्या शेजारी बसली. उतरताना मी जयसिंगरावांचा नंबर पूर्वाकडून घेतला आणि घरी येऊन त्यांना फोन केला. हरणाबद्दल चुकून बोललो, असं म्हणालो. ते म्हणाले, ‘कोन बोलतंय?’ त्यांच्या लक्षातही नव्हतं. चटणी आवडली एवढं सांगून फोन ठेवला.

कासिमभाईंकडे दुसऱ्या एका झाडाला उशिराची कळी होती. ती तरी प्रदर्शनापर्यंत नेऊ, तुम्ही हाताला या, असं त्यांनी फर्मावलं. गुन्हेगार असल्याने गेलो. रोज पीएमपीच्या बसने वाघोली, ओणवं राहून तण काढायचं, माती हलवायची आणि आल्यावर तनुजाकडून कंबरेला मलम लावून घ्यायचं. माणसाने एवढ्या कामासाठी जन्म घ्यावा का, असा प्रश्न मला रोज पडे. उत्तरादाखल कासिमभाई चहा पाजत. प्रदर्शनात त्या गुलाबाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. उत्तेजनार्थ! पहिला नंबर कशाला दिला म्हणशील, तर गुलाब म्हणून मांडलेल्या एका लाल कोबीला. पाकळ्यांची ठेवण नाही, मध्य उघडा पडलेला, देठ वाकडा. परीक्षकांनी उभ्या जन्मात गुलाब पाहिला नसावा. मी त्यांना तिथेच ऐकवणार होतो, पण कासिमभाईंनी बाही धरून बाहेर नेलं.

तात्पर्य, तुझी भेट अत्यंत कंटाळवाणी, दमवणारी आणि निरर्थक होती. पुन्हा असला खर्च करू नये. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा
श्रीधर

ता. क. – तुमच्या गोठ्यामागे खड्ड्यात चांगलं मुरलेलं शेणखत असेल. त्यातली दोन पोती कोणी पुण्याकडे येत असेल त्याच्याबरोबर पाठव. बाजारात मिळतं ते नुसतं भुसकट असतं. एक पोतं कासिमभाईंना. दुसरं कोणाला ते विचारू नकोस.

ता. क. २ – पुढच्या महिन्यात तीच मंडळी मुळशीकडच्या बागा दाखवायला नेणार आहेत. तनुजाची फार इच्छा आहे. तिला एकटीला पाठवणं बरं दिसत नाही. तुझ्या मोबाइलवरून होतं, तर दोन जागा सांगून ठेव. खिडकीजवळच्या.

ता. क. ३ – अक्का, मी तनुजा. हे पोस्टाची तिकिटं आणायला खाली गेलेत, तेवढ्यात लिहिते. कृपा करून शेणखत पाठवू नका. गॅलरीत गुलाबाच्या कुंड्या इतक्या झाल्यात, की कपडे मी शेजारच्यांच्या दोरीवर वाळत घालते. पहिली कळी आली तेव्हापासून हे तिच्यावर छत्री धरून बसतात आणि मला हात लावू देत नाहीत. काल ती पूर्ण उमलली. आज सकाळी हे तुम्हाला पत्र लिहिण्यात गुंग होते, तेव्हा मी तोडली आणि केसांत घातली. दोनदा मी समोरून चहा देऊन गेले. अजून यांना दिसलेली नाही.