नईमची केळी, माझं खातं

३ जून
काल संध्याकाळच्या वादळाने केळी झोपली. सातबारा माझा, पण जमीन खंडाने नईम कसतो. रोपं, खत, मजुरी, बठ्ठा खर्च त्याचाच. खांद्यावर हात ठेवून सांगितलं, नियमाने अनुदान माझ्या खात्यात येईल, पण ते तुझंच. माझा शब्द. तो रडला. मलाही भरून आलं. असे जमीनमालक हल्ली राहिलेत कुठे?

५ जून
पंचनामा. तलाठ्याने मला पडलेल्या केळीत उभं करून फोटो काढला. म्हणाला, काका, चेहरा जरा दुःखी करा. जमेना. शेवटी नईमकडे पाहिलं, मग जमलं.

११ ऑक्टोबर
बँकेचा मेसेज. अनुदान जमा! उद्या सकाळीच नईमला देणार.

१२ ऑक्टोबर
दिलं नाही. असं हातात कोंबणं बरं दिसत नाही. दिवाळीला देऊ. पाकिटात घालून, सोबत मिठाईचा बॉक्स. दोन शब्द बोलेनही.

१६ ऑक्टोबर
फ्रिज घेतला. ऑफर आजच संपत होती. टेम्पररी त्यातलेच वापरले. पेन्शनमधून भरून टाकेन, वर व्याजही देईन. म्हणजे नईमचा फायदाच. बायको रूपा म्हणाली, अहो, हे नईमचे ना? म्हटलं, तुला फायनान्समधलं कळत नाही.

२३ ऑक्टोबर
दिवाळी झाली. रावेरच्या बाजारात नईम भेटला. "भाऊ, आलं का काही?" मी 'नाही' म्हणालो नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. फक्त मान हलवली. त्याने काय अर्थ घ्यायचा तो घेतला.

२ नोव्हेंबर
झोप नाही. ॲसिडिटी असावी. नईमने नव्या रोपांसाठी जुबेदाच्या, म्हणजे बायकोच्या, बांगड्या मोडल्या असं कळलं. संकल्प: आजपासून चहा बंद.

७ नोव्हेंबर
नईम घरी आला. चिडलेला. माझ्यावर नाही, माझ्यासाठी! "गावात सगळ्यांचं आलं, तुमचंच कसं अडकलं? तुम्हाला साधे समजून ऑफिसवाले फिरवू राहिले, भाऊ. मी अर्ज लिहून आणलाय. सही तेवढी करा."
आत रूपाने भांडं आपटलं. मी म्हटलं, चष्मा सापडत नाही. तो म्हणाला, डोळ्यावरच आहे, भाऊ.
सही केली.

१० नोव्हेंबर
नईमच्या मोटारसायकलवर तहसीलला गेलो. वाटेत सगळं सांगून टाकायचं पक्कं होतं, पण गाडी चालवताना माणसाला असं काही सांगू नये. धोका असतो.
क्लार्कने कॉम्प्युटरवर पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काका, तुमचे तर महिन्यापूर्वीच जमा झालेत. मेसेज बघत नाही का?" रांगेतले हसले. मी मोबाइल काढून बघितल्यासारखं केलं.
नईम माझ्याकडे बघत होता. मग त्याने टेबलावरचा अर्ज उचलला, घडी करून खिशात घातला. "माफ करा, साहेब. भाऊंना मीच आग्रहाने आणलं. चूक माझी शे."
परत येताना मागे बसून होतो. बोलणारच होतो, पण वाऱ्यात त्याला ऐकू गेलं नसतं.
घरासमोर त्याने गाडी बंद केली. उतरायला हात दिला. थोडा वेळ थांबलाही.
तेव्हा वारा नव्हता.