कारेनने आणलेली माती

२५ सप्टें., सोम. घटस्थापना
सामान आलं: तिळाचं तेल १ किलो ६२/-, नारळ दोन १६/-, विड्याची पानं ३/-. फुलं शेजारच्या भाटिया वहिनींकडची. वाती घरच्या. माती फुकट. कारेनने शाळेमागच्या शेतातून पिशवीभर आणली, चाळूनसुद्धा. वर्गातल्या पोरी मदतीला होत्या म्हणे.
घट छान बसला. आता नऊ दिवस दिवा विझायचा नाही, घराला कुलूप लागायचं नाही. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरला सरकारी क्वार्टरमध्ये होतो तेव्हा कोणी ना कोणी येऊन बसायचं. इथे नोएडात अजून अर्धे प्लॉट रिकामे.

२७, बुध.
कारेनही माझ्याबरोबर उपास करते आहे. मी नको म्हटलं होतं. डेन्मार्कची पोर, मागच्या खोलीत जूनपासून आहे. गावातल्या शाळेत शिकवते, बिनपगारी. शाळा सुटली की गावातल्या बायका तिला अंगणात बसवून ठेवतात, केस विंचरतात, लग्न का नाही विचारतात. घरी येते ती शेणाचा वास घेऊन. आधी पाय धुते, मग आत. हे मी सांगितलेलं नाही, बघून शिकली.
आज विचारत होती, बटाटा चालतो तर भात का नाही. म्हटलं, देवीलाच विचार. आमच्या मेधाने भाषांतर केलं. मग दोघी खिदळत बसल्या.

२९, शुक्र. ललितापंचमी
उद्या पहाडगंजला मराठी शाळेत भोंडला. मेधाला न्यायलाच हवं. खिरापतीला ‘ती प्रसादवाली डिश’ म्हणते, कॉलेजात जायला लागली तरी. ह्यांचं ऑडिट, उशीर होणार. घरी कोण बसणार हाच प्रश्न होता.
कारेन म्हणाली, मी बसते. तिला सगळं दाखवलं. तेल कधी घालायचं, काजळी कशी झाडायची, वात हळूच पुढे सारायची, पंखा लावायचा नाही. तिने करून दाखवलं. हात स्थिर आहे पोरीचा.

३०, शनि.
परत आलो तर दाराला कुलूप.
किल्ली भाटिया वहिनींकडे. आत अंधार. दिवा विझलेला, तेल भरपूर होतं.
वहिनींनी सांगितलं, गावातून एक बाई रडत आली होती. तिची सुनीता, कारेनच्या वर्गातली, तापाने झटके यायला लागले होते. कारेनने वहिनींच्या मुलाची स्कूटर काढायला लावली, मुलीला मांडीवर घेऊन हॉस्पिटलात गेली.
जेवणं झाल्यावर आली. कुडता ओकारीने भरलेला. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. मेधाला म्हणाली, आमच्याकडे रिकाम्या घरात पेटती ज्योत कोणी ठेवत नाही, आजीचं घर असंच जळलं. म्हणून फुंकर घातली.
मुलगी कशी आहे, हे मेधाने विचारलं. मी नाही.
मी म्हटलं, “देवघरात पाऊल टाकू नकोस आता.”
मेधाने भाषांतर केलं नाही. लागलंही नाही.

१ ऑक्टो., रवि.
दिवा कालच पुन्हा लावला. आज जप, क्षमा मागितली. मन थाऱ्यावर नाही. हे म्हणतात, “लावलास ना परत? झालं तर. देवी काय मीटर लावून बसलीये?” असलं बोलणं मला आवडत नाही.
सगळं सांगितलं होतं तिला. जावंच लागलं तर काय करायचं, ते सांगितलं नव्हतं. कोण सांगतं? घरात माणूस असणार हे धरूनच चालतो आपण. आणि नंदादीपाला फुंकर घालू नये, हे कधी कोणाला सांगावं लागलेलं नाही.
तरी विझला तो विझलाच.
कारेन आपला चहा खोलीतच करते आहे.

३, मंगळ. दसरा
घटातलं धान इतकं उंच कधीच आलं नव्हतं. पिवळं, दाट. ह्यांच्या टोपीत तुरा खोवला. मेधाच्या वेणीत.
कारेन सकाळी गेली. हरियाणात सोहन्याच्या पलीकडे त्यांच्या संस्थेची दुसरी शाळा आहे, तिथे थंडीत जायची होती. स्वतःच सांगून आत्ताच बदलून घेतलं. खोली झाडून, चादरी घडी करून ठेवल्या. अंगणातूनच नमस्कार केला.
तिच्या केसात तुरा…

८, रवि. कोजागिरी
सुनीताची आई आली, सुनीताला घेऊन. पोर वाळलीये, पण चालते. आईच्या हातात सरसोंच्या तेलाची बाटली. म्हणाली, “दीदी से सुना, हमारी लड़की के मारे आपका दिया बुझ गया.” बाटली पुढे केली.
आमच्याकडे देवाला तिळाचं तेल. तसं सांगितलंही. मग बाटली घेतली. परत कशी द्यायची?
पोरगी आत डोकावत होती. म्हणाली, “आंटी, मिट्टी मैंने छानी थी. दीदी ने बोला एक भी कंकड़ नहीं.”
हाताला धरून देवघरात नेलं. जपून ठेवलेलं धान दाखवलं. बराच वेळ बघत राहिली. मग दीदी कधी येणार विचारलं. दोघींना आटवलेलं दूध दिलं.

१२, गुरु.
पहाडगंजला जाऊन दिव्यासाठी काचेची चिमणी आणली, ३५/-. हे हसले, नवरात्र संपल्यावर? हसू देत.
सोहन्याच्या त्या गावात फोन नाही. पत्रच. मजकूर असा, मेधा इंग्रजीत करील. तिला बजावलं आहे, आपल्या मनचं एक अक्षर घालायचं नाही:

चि. कारेनला अनेक आशीर्वाद. सुनीता बरी आहे, येऊन दूध पिऊन गेली. पाकिटात धानाचा तुरा ठेवला आहे, तो तुझा. केसात घालतात. दिवा विझला ह्याचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं, खोटं कशाला लिहू. पण देवीने धान दिलं ते तुझ्याच मातीत. दिव्याला आता काच केली आहे. पुन्हा तशी वेळ आली तर कुलूप लावून नीघ. विझवू नकोस, थांबूही नकोस. खोली कोणाला दिलेली नाही. हे म्हणतात भाडेकरू बघू, मी दिवाळीपर्यंत थांबा म्हटलं आहे. चकल्यांची भाजणी तुला धरून जास्तीची दळते आहे. येणार की नाही, ते उलट टपाली कळव.