खिंडीतली डहाळी

मी, गोरक्षनाथ चिमाजी धिंदळे, फौजेतला निवृत्त हवालदार, राहणार राजूरजवळची वाडी, तालुका अकोले, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्या धाकाशिवाय लिहून ठेवतो. छातीतला गोळीचा तुकडा आत सरकला आहे, डोकं मात्र जागेवर आहे. ज्याला शंका असेल त्यानं समोर येऊन बोलावं.

१. ओढ्याकाठचा मळा, राहतं घर आणि बैलजोडी माझ्या पश्चात माझा धाकटा भाऊ, फौजेतला नाईक भिमाजी, याची बायको राहीबाई हिला मिळावी. मला मूलबाळ नाही. मळ्याची विहीर भिमाजीनंच खणली.

२. चुलतभाऊ श्रीमंत यास काहीही देऊ नये, फुटकं मडकंसुद्धा नाही. भिमाजीचं प्रेत सापडलं नाही, म्हणून कागदावर तो बेपत्ता आहे. तेवढ्यावर हा भर बाजारात सांगतो, "भिमा मेला न्हाई, तिकडं बंगालन करून बसलाय. हिला कसला आलाय हिस्सा?" त्याची जीभ झडो! राहीबाई हे ऐकते आणि रोज कुंकू लावून वाट बघते. तिला तोंडानं सांगायची माझी छाती झाली नाही. म्हणून इथं शपथेवर लिहितो.

३. एकाहत्तर साली, लढाई जाहीर होण्याआधी, आम्हा दोघा भावांना पूर्वेच्या सरहद्दीवर बंगाली पोरांना जंगलातली गस्त शिकवायला धाडलं. कॉलेजातली, नावाड्यांची पोरं, "उस्ताद, उस्ताद" करत मागं फिरायची. भिमाजी दम भरायचा, "गेल्या वाटंचा माग ठेवला तर मुस्काट फोडीन!"

भर पावसात त्यांना घेऊन पलीकडं पहिली गस्त काढली. भिमाजी पुढं, मी शेवटी. वाटेत खिंड लागली. आपल्याकडं खिंड ओलांडताना देवाच्या दगडावर हिरवी डहाळी वाहतात. जन्माची सवय, भिमाजीनं नकळत तिथल्या एका दगडावर डहाळी ठेवली. मी शेवटी होतो, मला ते दिसलं नाही.

दुसऱ्या वाटेवर नदी चढली, म्हणून त्याच खिंडीनं परतावं लागलं. डहाळी दगडाखाली चिखलात पडली होती, तिच्यावर परक्या बुटाचा ताजा ठसा. भिमाजी ओरडला, "दादा, दुश्मन हाय! पोरांना खाली पाड!" आणि स्वतः उभाच राहिला. मशीनगनच्या पहिल्याच फैरीनं त्याचं पोट फाटलं. एका हातानं आतडी आत दाबत तो चढ चढला आणि कमरेचा कोयता मशीनगनवाल्याच्या मानेत घातला. मुंडकं कातड्यावर लोंबलं. दुसऱ्या दुश्मनानं भिमाजीच्या बरगडीत संगीन खुपसली. त्या दुश्मनाचं डोकं मी गोळीनं फोडलं, तेव्हाच मलाही लागली. एक पोरगं जागीच मेलं, बाकीची वाचली. भिमाजीला मी मांडीवर घेतलं. डोळे उघडे होते, श्वास नव्हता. नदी ओलांडताना पाण्यानं त्याला माझ्या हातातून ओढून नेलं. तो पळाला नाही. तो माझ्यादेखत मेला.

४. तो कोयता एका पोरानं उचलून आणला होता. तोही राहीबाईचा. धार मी काढून ठेवली आहे. बांधावर चालवावा, आणि कुणी बांध कोरायला आला तर त्याला दाखवावा.

५. साक्षीदारानं मजकूर वाचावा लागत नाही, माझी सही होताना पाहिली की पुरे, असं वकील म्हणाले. म्हणून एक साक्षीदार श्रीमंतालाच घेतलं आहे. मळा आपलाच, या समजुतीनं तो सकाळपासून ओट्यावर बसून आहे. "दादा, पानी आनू का?" असं विचारतो. जन्मात विचारलं नव्हतं! सावज हमखास येणार तिथंच दबा धरावा, असं आम्ही शिकवायचो. उद्या हा कागद खोटा म्हणायला त्याला तोंड राहू नये.

६. राहीबाई, भिमाजी तुला टाकून गेला नाही. कुंकू ठेवायचं की पुसायचं ते तुझं तू ठरव, गावाला विचारू नको. हे वाचतील तेव्हा श्रीमंत समोर असेल. त्याच्यापुढं रडू नको. आधी मळ्याचा कागद हातात घे, मग घरी जाऊन पोटभर रड.

स्थळ : राजूर
दिनांक : ११ मार्च १९७३
सही : गोरक्षनाथ चिमाजी धिंदळे

आमच्यासमोर सही केली. साक्षीदार :
१. शमशेर बाबाजान तांबोळी, राजूर
२. श्रीमंत गेणू धिंदळे