येते म्हणावं

३ फेब्रुवारी

पोचलो! खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. जिन्यात ऊन म्हणून येत नाही, भरदुपारीही दिवा लावावा लागतो. पण खोली झकास आहे. दोन खाटा, एक खिडकी आणि मध्ये एक आडवंतिडवं कपाट. कपाटाच्या पलीकडची, खिडकीजवळची खाट धाकटीनं बळकावली. चिठ्ठ्या टाकल्या होत्या. दोन्हींवर तिचंच नाव होतं, हे नंतर कळलं.

निघताना गडबडीत मी आईला “बरं, जाते” म्हणाले. आईनं हातातली पिशवी मागे ओढली. जाते म्हणू नये, येते म्हणावं. पुन्हा म्हणायला लावलं, तेव्हा कुठे “ये” म्हणाली. घरातली पहिली पदवीधर मी, पण तिथे पदवी चालत नाही. मग धाकटीचा हात माझ्या हातात देऊन म्हणाली, ही तुझ्या जिवावर पाठवतेय. हिला डॉक्टर करायचंय. मी आईला शब्द दिलाय.

५ फेब्रुवारी

कामाचा पहिला दिवस. माझं काम कंटिन्युइटीचं. एका शॉटमध्ये नायिकेच्या कॉलरचं बटण उघडं असेल, तर पुढच्यातही ते उघडंच हवं. सगळं बघायचं आणि वहीत टिपायचं.

सिनेमा व्हॅम्पायरांचा आहे. नायिका तलवार घेऊन एकेका मारामारीत डझनभर रक्तपिपासू कापते. ज्या कॉमिकवरून तो बनतोय, त्याचे जुने अंक आम्ही दोघींनी पिना निघेपर्यंत वाचलेत. आणि ते काढणारे चित्रकार खुद्द सेटवर असतात! सगळे त्यांना काका म्हणतात. स्टुडिओला खिडक्या नाहीत. सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात बसून ते पुढचा अंक काढत असतात. चहा घेत नाहीत. चहावाला रुसलाय. म्हणतो, बारा वर्षांत माझ्या चहाला नाही म्हणणारा हा पहिलाच.

१० फेब्रुवारी

आज दिग्दर्शकांशी वाद घातला. कॉमिकमध्ये नियम आहे : घरातल्या माणसानं ये म्हटल्याशिवाय व्हॅम्पायरला उंबरठा ओलांडता येत नाही. दिग्दर्शकांनी तो उडवला. म्हणाले, दारात ताटकळणारा खलनायक बघायला कोण तिकीट काढेल? मी म्हटलं, या नियमामुळेच तर आपलं घर आपलं राहतं. फाइट मास्तर टाळ्या वाजवून म्हणाले, बाई, भाषण छान, आता बाजूला व्हा, इथे काच फुटणार आहे.

काकांनी मात्र मला जवळ बोलावलं. नियम खरा आहे, म्हणाले. फक्त आपण कधी बोलावलं, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

१४ फेब्रुवारी

नायिकेची डुप्लिकेट, उड्या मारणारी मुलगी, तिच्या मानेवर डावीकडे दोन लाल ठिपके दिसले. कालच्या फोटोत नाहीत. रंगभूषाकार म्हणाले, माझे नाहीत, डास असेल. पण शॉट तर घेऊन झालेला. मग मीच सुचवलं, नायिकेच्या मानेवरही तसेच ठिपके रंगवा, म्हणजे जुळेल. दिग्दर्शक खूश. शाबासकी मिळाली!

१८ फेब्रुवारी

माझी वही सेटवर राहिली होती. संध्याकाळी काका ती द्यायला स्वतः आले. खोलीत इतका पसारा होता की लाजेनं त्यांना आत या म्हणवलंच नाही. ते दारातच उभे राहिले, धाकटीच्या कॉलेजची चौकशी केली आणि उभ्या उभ्या आमच्या खोलीचं चित्र काढून दिलं. हुबेहूब! निघताना म्हणाले, “येतो.” आम्ही दोघी एकदमच “या” म्हणालो. आईला ऐकू गेलं असतं तर बरं वाटलं असतं.

२२ फेब्रुवारी

धाकटी सकाळी उठतच नाही. पांढरी पडलीय. अभ्यास टाळायचं ढोंग असेल म्हणून मी रागावले. रागवायला नको होतं. डुप्लिकेट चार दिवस कामावर नाही. तिच्या घरी फोन कुणी उचलत नाही.

२४ फेब्रुवारी

काकांच्या टेबलावर नव्या अंकाचं पान होतं. आमची खोली. धाकटी झोपलेली. आधी हसू आलं. मग नजर कपाटावर गेली. काम आहे माझं, दिसतंच मला. चित्रात कपाटाची पाठ आहे. पाठीवरचा उखडलेला पत्रासुद्धा आहे.

दारातून कपाटाची पाठ दिसत नाही. ती फक्त धाकटीच्या उशाशी उभं राहिलं तरच दिसते.

घरी पळाले. तिच्या कानामागचे केस बाजूला केले. डावीकडे. दोन.

मी त्यांना आत बोलावलं नव्हतं. बोलावलंच नव्ह—

“या.” आम्ही “या” म्हणालो होतो.

२५ फेब्रुवारी

दिग्दर्शकांना सगळं सांगितलं. पोट धरून हसले. म्हणाले, ही गोष्ट जपून ठेव, प्रसिद्धीच्या वेळी छापू. डॉक्टर म्हणाल्या, रक्त कमी आहे, पालेभाज्या खा. ठिपके दाखवले तर म्हणाल्या, पेपरात तुमच्या सिनेमाचा फोटो आलाय, त्यात आहेत ना तसलेच? रंग लवकर धुऊन टाका.

मीच रंगवून घेतले होते. आता खऱ्यावर कोण विश्वास ठेवील?

२७ फेब्रुवारी

जुने अंक पुन्हा चाळले. नवव्यात सापडलं : दिलेला शब्द परत घेता येत नाही, पण तो त्या घरापुरताच असतो. घर बदललं की शब्द संपला. आजच त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खोली घेतली. दुसरीकडे जायला वेळच नव्हता. दाराला आतून कागद डकवलाय : “या” म्हणायचं नाही. कुणालाच नाही. धाकटी कागद वाचून हसली. दूधवाल्यालाही नाही का गं ताई? हसता हसता पडली.

२८ फेब्रुवारी

तिला इस्पितळात ठेवावं लागलं. रक्त चढवताहेत. गाल जरा गुलाबी दिसले. देवा.

दिवसभर बाहेर बसले. बाहेरच्या दारावर केवढी पाटी आहे, आत्ता वाचली.

सुस्वागतम्.

१ मार्च

खाट रिकामी. नर्स म्हणते, पहाटे आपल्या पायांनी गेली. सोबत काका होते. फार सभ्य माणूस.

आईचा फोन दोनदा वाजला. उचलला नाही. काय सांगू? शब्द दिला होता.

२ मार्च

दुपारचे बारा. बाहेर लख्ख ऊन आहे. जिन्यात नाही.

दार वाजतंय.

धाकटीचा आवाज. ताई, उघड ना. ताई, भूक लागलीय.

मला ठाऊक आहे ती आता कोण आहे. बोलायचं नाही. तोंड बंद राहावं म्हणून हात चालू ठेवलाय. लिहीत राहायचं. कडी लावलेली आहे. कागद जागेवर आहे.

रडतेय. लहानपणी रडायची तशी, हुंदका गिळून. म्हणते, चिठ्ठ्यांत फसवलं म्हणून अजून रागावलीस का? खिडकीजवळची खाट तू घे.

बोलायचं नाही बोलायचं नाही

एक वाजला. थकली बहुतेक. दाराला डोकं टेकलेलं ऐकू येतंय. आता उठली. पावलं.

जिन्यावर थांबली. अगदी हळू —

“बरं, जाते मी, ताई.”

जाते म्हणू नये गं, वेडे, येते म्हणावं. ये —

हे मी नुसतं लिहिलं, की मोठ्यानं