अर्ध्या मिलिमीटरची झीज

मिश्कोल्ट्स, २ ऑक्टोबर २०२५

प्रिय एनिको,

पंधरा सप्टेंबरला कॅलेंडरवर तुझ्या नावाचा दिवस, तुझा नामदिन, झाला. त्या दिवशी कार्ड पाठवायचं मनात आलं होतं. पण इतक्या वर्षांनी दोन ओळींचं कार्ड पाठवणं मला अर्धवट काम वाटलं, आणि अर्धवट काम मी करत नाही. म्हणून आता सविस्तर लिहितो आहे. तू अजून सेगेदच्या संगीत शाळेत शिकवतेस, हे तुझ्या चुलतभावाकडून कळलं. मी बरा आहे. कारखान्यातला लेथ सोडून नऊ वर्षं झाली. आता लोकांच्या जुन्या ध्वनिफिती स्वच्छ करून देतो. ध्वनिशास्त्र मला कुणी शिकवलं नाही, हे तुला माहीतच आहे, तरी बुडापेश्टहून माणसं माझ्याकडे येतात.

बातमी अशी की 'विझोरा' बँड एकोणीस वर्षांनी नवा अल्बम काढत आहे. नोव्हेंबरच्या चौदा तारखेला. पाण्याच्या मीटरचं नाव घेऊन फिरणाऱ्या या मंडळींना आपण किती हसायचो! पण चाहत्यांच्या ईमेल-यादीवर दोन महिने दुसरा विषय नाही. कारण त्यात 'गाळ' आहे. तीच लांबलचक रचना, जी त्यांनी आयुष्यात एकदाच वाजवली, आपल्या रेल्वे कामगारांच्या भवनात, २१ फेब्रुवारी १९८७ला. रेकॉर्ड काढायची परवानगी मिळाली नाही, स्वरलिपी हरवली, ऑर्गनवाला वारला. उरली ती माझी फीत. सगळ्या वादकांनी ती रचना माझ्या फितीवरून पुन्हा पाठ केली आणि मुद्रित केली. तेवीस मिनिटं चाळीस सेकंद. कुणी बावीस म्हणालं की मी तिथल्या तिथे दुरुस्त करत आलो. वेष्टणावर माझं नाव छापायचं ठरलं आहे.

ऑगस्टमध्ये ती फीत मी शेवटच्यांदा साफ करत होतो. तिच्या तळाशी विजेची एक बारीक गुणगुण आहे. आपल्या देशात ती सेकंदाला पन्नास कंपनांची असते. मला सापडली सत्तेचाळीसची. आधी मी सरकारला दोष दिला. त्या हिवाळ्यात वीज मंद होती, सगळ्यांना आठवतं. पण मंद म्हणजे एकोणपन्नास. सत्तेचाळीसला तर वीजकेंद्रंच बंद पडली असती. तीन दिवस मी हा विचार टाळला. चौथ्या दिवशी मोजायला व्हर्निअर मापक काढला.

ज्या टेपरेकॉर्डरवर मी ती मैफल मुद्रित केली, त्याचा फीत ओढणारा बुश, म्हणजे दांड्यावरची नळी, झिजला होता, म्हणून मी, सतराव्या वर्षी, शिकाऊ कामगार असताना, पितळेचा नवा कातून बसवला होता. माझं पहिलं स्वतंत्र काम. यंत्र पुढे मोडीत काढलं, बुश मात्र डबीत ठेवला. तो आठ मिलिमीटर व्यासाचा हवा होता. आहे साडेआठचा. पुढे झिजेल म्हणून मीच अर्धा मिलिमीटर जास्त ठेवला होता, शहाणपणाने! म्हणजे जाड बुशामुळे मुद्रण करताना फीत जोरात धावली. माझ्या यंत्रावर वाजवली की सगळं ठीक, कारण चूकच चुकीला सांभाळून घ्यायची. दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर सूर खाली आणि चाल संथ. खरी रचना बावीस मिनिटं सोळा सेकंदांची आहे. तीन वेळा गणित केलं.

मंगळवारी स्टुडिओत जाऊन सांगितलं. बास वाजवणारे तिहामेरकाका (त्र्याहत्तर वर्षांचे, काठी घेऊन वाजवायला येतात) म्हणाले, "तरीच! मी म्हणत होतो, तिशीत आपण असे बैलगाडीसारखे वाजवत होतो की काय?" गायक उसळला. "बैलगाडी तर बैलगाडी! या वयात वरचा सूर मी कुठून आणू? उसना?" त्यावर तिहामेरकाका म्हणाले, "लेका, तुझा वरचा सूर तेव्हाही उसनाच होता." अर्धा तास हेच चाललं. शेवटी त्यांनी दोन्ही प्रकारे वाजवून बघायचं ठरवलं, आणि मला विचारलं की त्या संध्याकाळी तिथे असलेला, कान शाबूत असलेला दुसरा माणूस आहे का. कागदावरच्या गणितावर त्यांचा भरवसा नाही. माझ्यावरही आता नसावा.

मी तुझं नाव सांगितलं. त्यासाठी मला ते सगळं त्यांच्यापुढे सांगावं लागलं. मैफिलीनंतरच्या आठवड्यात तू ती फीत, तेव्हा तू शिकत होतीस त्या संगीत शाळेच्या यंत्रावर ऐकलीस आणि म्हणालीस, "लोरांत, हे खाली आहे. अर्ध्या स्वराहून किंचित जास्तच." मी म्हणालो, "तुमच्या शाळेचं यंत्रच सुस्त आहे, तुमच्या बाईंसारखं." तू पुन्हा म्हणालीस. मी सगळ्या मित्रांसमोर म्हणालो, "पियानोवाल्यांचे नाजूक कान, लेथवाल्यांच्या मापापुढे टिकणार नाहीत." सगळे हसले. तू कोट घेतलास आणि निघून गेलीस. त्यानंतर तू बोललीच नाहीस आणि मीही विचारलं नाही, कारण माझी खात्री होती की मी बरोबर आहे. तुझ्या लग्नाची बातमी आली, तेव्हाही मला असंच वाटलं की आधी त्या फितीचं मान्य कर, मग बघू.

हे पत्र त्यासाठी. गुरुवारी, नऊ तारखेला, सकाळी अकरा वाजता बुडापेश्टला येशील का? आठवी पेठ, पत्ता मागे लिहिला आहे. ते दोन्ही प्रकार वाजवतील. तू ज्याला हो म्हणशील तेच छापलं जाईल, असं मी त्यांच्याकडून लिहून घेतलं आहे, आणि वेष्टणावरून माझं नाव काढायला सांगितलं आहे. तू आली नाहीस तर ते संथ मुद्रणच जाईल, कारण गायक हट्टी आहे आणि मला आता वाद घालायचा हक्क नाही. मला तुझी दुसरी कुठलीच अपेक्षा नाही. तू बरोबर होतीस. हे वाक्य मी मंगळवारी पाच परक्या माणसांसमोर बोलू शकलो. तुला लिहायला मात्र चार कागद फाडावे लागले.

तुझाच, अजून तितकाच हेकट,
लोरांत