उभ्या गाडीची व्यवस्था

गेल्या रविवारी सकाळी तिच्या फाटकाशी उभा राहून मी “मीच” असं म्हणालो, आणि तिथून माझं सगळं फिरलं. त्याआधी मागे ठेवून जाण्यासारखं माझ्याजवळ काही आहे असं वाटत नव्हतं. द्यायचं होतं ते एकाच व्यक्तीला, आणि तेही हयातीत. आता तसं राहिलेलं नाही. म्हणून मी, खाली सही करणारा, घरात आणि गल्लीत ज्याला ठिणगी म्हणतात तो, वय बावीस, शिक्षण अर्धवट, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवत आहे.

मी मरायला निघालेलो नाही. उद्या जहाजावर निघालो आहे, इंजिनघरात तेलपाणी बघायच्या नोकरीवर. पण गाडी माझ्या नावावर आहे, आणि वकिलाकडे कारकुनी करणारा मामा म्हणाला, “समुद्रावर जातोस, लिहून ठेव. तुझ्या माघारी त्या खटाऱ्यासाठी मला खेटे घालायला लावू नकोस.” मी शुद्धीत असल्याची खात्री शेजारच्या दाताच्या डॉक्टरांनी दिली आहे. डोक्याचे डॉक्टर नकोत का, असं मी विचारलं. मामा म्हणाला, “दात डोक्यातच असतात.”

१. सदर गाडी मूळची माझ्या आत्याची. ती सुसाट चालवायची आणि बाबा शेजारी दरवाजा घट्ट धरून “ताई, हळू” म्हणत बसायचे. आत्या गेली तेव्हा गाडी मला देऊन गेली. बरीच वर्षं ती शेडमध्ये विटांवर, ताडपत्रीखाली उभी होती. कॉलेज सोडल्यावर मी ती खाली उतरवली. चालू झाली, पण निळा धूर ओकत आणि तेल पीत. वाल्व्हचे सील बदलले, धूर तसाच. मग प्लगच्या भोकांतून थोडं थोडं तेल सोडून दाब मोजला, तो वाढला. म्हणजे दुखणं पिस्टनभोवतीच्या रिंगांचं; त्या झिजल्या की तेल वर चढून जळतं. इंजिन उघडलं, सिलिंडर घासून घेतले, नव्या रिंगा घातल्या.

इथे तिचा उल्लेख करणं भाग आहे. ती माझ्या वर्गात होती. मी एका सरांशी भांडून मधेच बाहेर पडलो. ती पास होऊन इंजिनं तपासायच्या नोकरीला लागली. मी तिला लग्नाचं विचारलं होतं. ती म्हणाली, “सरांशी भांडलास, गॅरेजवाल्याशी भांडलास, उद्या माझ्याशी भांडशील. एकदा कुणाचं तरी ऐकून दाखव. गाडी धूर न काढता फाटकाशी आण. मी बसते, आणि उत्तरही देते.”

२. हे कलम बाबांना वाचून दाखवू नये. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मुद्दाम बारीक लिहीत आहे.

नव्या रिंगा घालून मी गाडी बाहेर काढणार, तेवढ्यात बाबा शेडच्या दारात आले. म्हणाले, “अरे, दुखण्यातून उठलेल्याला कुणी पळायला लावतं का? थोडे दिवस उभ्या उभ्या चालू दे. अंग मोकळं होऊ दे तिचं.” एरवी मी उलटून बोललो असतो. या वेळी ऐकलं. रोज संध्याकाळी गाडी चालू करायची, दार सताड उघडं टाकायचं, आणि आम्ही दोघांनी बाहेर स्टुलांवर बसायचं. बाबा आत्याच्या गमती सांगायचे. एकदा त्यांनी कॉलेज का सोडलंस ते विचारलं, आणि मी आवाज न चढवता सांगितलं. असा महिना गेला.

रविवारी गाडी घेऊन गेलो. तिच्या घराच्या चढावरच मागे धुराचा लोट. ती बाहेर आली, धुराच्या नळीत बोट फिरवून बघितलं. बोट तेलाने काळं.

“रिंगा नव्या ना? मग चालवलीस कशी?”

मी सांगितलं.

“महिनाभर नुसती उभी? अरे, नव्या रिंगा ओझ्याखाली सिलिंडरला घट्ट बसतात. पहिल्याच दिवशी चढावर न्यायची. नुसती घुमत ठेवली की सिलिंडर काचेसारखा गुळगुळीत होतो, रिंगा बसतच नाहीत. कुणी सांगितलं तुला हे?”

मी म्हणालो, “मीच.”

“वाटलंच. तुला कुणाचं ऐकायचंच नसतं.” तिने फाटक लावून घेतलं.

माझं डोकं फिरतं तेव्हा समोर कोणीतरी लागतं. या वेळी कोणीच सापडत नाही. ती बरोबर बोलली. बाबा मायेने बोलले. मी ऐकलं. तिला खरं सांगितलं, तर कधीतरी हसत हसत ते बाबांच्या कानावर जाईल, आणि बाबा पुन्हा त्या स्टुलावर बसणार नाहीत. सिलिंडर पुन्हा घासता येतील, पण त्यासाठी इंजिन उघडावं लागेल, आणि का उघडलंस, असं पहिले बाबाच विचारतील.

३. गाडी बाबांना. भंगारात देऊ नये. शेडचं दार उघडं ठेवून त्यांनी ती वाटेल तेवढा वेळ उभ्या उभ्या चालू ठेवावी. आता त्याने तिचं काही बिघडायचं राहिलेलं नाही.

४. बोल्ट मोजून आवळायचा लांब पाना तिचा आहे. तो मामाने नेऊन द्यावा. तिने काही विचारलं तर माहीत नाही म्हणावं. वकिलाकडे राहून मामाला एवढं जमतंच.

५. माझा पान्यांचा सेट गॅरेजवाल्याला. त्याचा दहा नंबरचा पाना मी ढापला, असं तो गल्लीभर सांगत फिरला. मी ढापला नव्हता. तरी द्यावा.

६. ज्या सरांशी भांडलो त्यांना काही नाही. ते चूक होते, हे माझं म्हणणं कायम आहे.

७. मामालाही काही नाही. “ज्याला मिळतं त्याने साक्षीला सही करायची नसते,” असं तोच म्हणाला, आणि मग सही करण्याआधी त्याने यादी पुन्हा एकदा वाचून पाहिली.

साक्षीदार :
(१) मामा, वकिलाचे कारकून
(२) शेजारचे दाताचे डॉक्टर

सही : ठिणगी
ठिकाण : शेड
दिनांक : अकरा नोव्हेंबर

शाई वाळेपर्यंत लिहितो. सह्या होत असताना बाबा दोन्ही स्टुलं घेऊन आले. “जायच्या आधी एकदा चालू कर ना.” मी चालू केली. बाबा बाहेर बसून बराच वेळ बघत राहिले. “बघ, कमी झालाय धूर. हळूहळू होतं सगळं.” मी म्हणालो, “हो, बाबा.” गाडी बंद केली. बाबा स्टुलं घेऊन घराकडे गेले आहेत. हा कागद मामाच्या हातात देतो, बाहेर पडतो, आणि शेडचं दार ओढून घेतो.