पाऊण तासाचं अंतर

३ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

काल सकाळी मी नेहमीसारखे विमानाच्या चाकांपुढचे ठोकळे काढले, वैमानिकाला हात केला आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. विमान तुमच्या गावाकडे वळलं, तेवढ्यात साहेबांनी बोलावून सांगितलं, महिनाअखेर ही फेरी बंद. उतारू मिळत नाहीत. माझी नोकरी मालाच्या विमानांवर राहील, त्याची काळजी नको.

मन मात्र खट्टू झालं. डोंगराला वळसा घालून रस्त्याने यायचं तर दोन दिवस, विमानाने पाऊण तास. ही फेरी सुरू झाली तेव्हा मी आईला म्हणालो होतो, आता मी पाऊण तासात येतो. कधीही निघता येईल या भरवशावर चार वर्षं गेली. आता सुट्टी मिळाली की रस्त्यानेच येईन. आईचा विसराळूपणा वाढलाय म्हणतेस. माझी आठवण काढते ना?

लोभ आहे तसाच राहू दे.
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आजवर लपवलेलं सांगते. विमान छतावरून गेलं की आई दाराची कडी काढायला लावते आणि पदर सावरून पलंगाच्या कडेला बसते. विचारलं तर म्हणते, धाकटा पाऊण तासात येतो म्हणालाय. तेवढा वेळ सरला की आडवी होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. उघड्या दारातून शेजारचं मांजर येतं, दूध पिऊन जातं. तुझ्यापेक्षा तेच बरं, निदान येतं तरी.

डॉक्टर म्हणाले, ओळख फार दिवस टिकायची नाही. तू का येत नाहीस ते मला ठाऊक आहे. लहानपणी विहिरीत डोकावायलाही घाबरायचास. जन्म गेला विमानं सोडण्यात, आत पाऊल टाकलं नाहीस. ज्याचं नाव घेऊन परक्यांना वर पाठवतोस, त्याच्यावर स्वतःपुरता विश्वास नाही का रे?

माया आहेच, ती नुसती कागदावर ठेवू नकोस.
ताई

१४ मार्च, विमानात

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

तुझं बोलणं लागलं, आणि लागायलाच हवं होतं. परवा तिकीट काढून शिडीपर्यंत गेलो. पहिल्याच पायरीवरून मागे फिरलो. सोबती हसले, मीही हसलो आणि ठोकळे काढायला गेलो. विमान गेलं. तिकडे ते पोचायच्या सुमाराला आई पलंगाच्या कडेला बसली असेल, असं डोळ्यांपुढे आलं. मग तिच्याबरोबर मीही पाऊण तास तिथेच उभा राहिलो. फार लांबतो गं तेवढा वेळ.

आज ठोकळे सोबत्याने काढले. अक्षर हलतंय ते निम्मं विमानामुळे, निम्मं माझ्यामुळे. दोन दिवसांचे डोंगर खिडकीखालून चाललेत. देवाकडे स्वतःसाठी मागायची लाज वाटली, म्हणून आईसाठी मागितलं, तिने मला ओळखावं.

हे पत्र टपालात पडणार नाही, माझ्याच हातून तुला मिळेल. मांजर आलं असेल तर हाकलू नकोस. त्याने इतके दिवस माझी जागा राखली.

शेवटची ओळ जमिनीवर उभं राहून लिहितोय. उतरलो, ताई. घर समोर अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे, आणि आईचा पाऊण तास आत्ताच सुरू झालाय.

तुझा धाकटा